अर्ध्यावर राहिलेली रास

१

साळूबाईंचा स्वभाव मुळात चिडका नव्हता. भोरमधल्या एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात त्या दाई म्हणून काम करीत, आणि बाळंतीण कितीही आकांत करो, आपला आवाज न चढवणारी बाई अशी त्यांची गावात ख्याती होती. वैताग हा त्यांना एकोणीसशे एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात जडलेला विकार. तो जडला भाचीमुळे; आणि भाचीवर चिडणे अन्यायाचे आहे हे त्यांना पुरते ठाऊक असल्यामुळे तो अधिकच चिघळला.

भाचीचे नाव बना. वय चौदा. मागल्या मार्गशीर्षात, वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर, भर दुपारी खळ्यात भाताची रास मोजली जात असताना तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला काठ्या-कुऱ्हाडींनी मारले होते. बाप म्हणजे रखमाजी, पोरांचा 'दादा' आणि साळूबाईंचा पाठचा भाऊ. वतने खालसा झाल्यावर सरकारने नदीकाठचा एक तुकडा त्याच्या नावे करून दिला होता. तो तुकडा पिढ्यान्‌पिढ्या दुसरेच लोक कसत आले होते. रखमाजीने त्यात स्वतःचे पीक घेतले ते पहिल्यानेच, आणि ती रास त्या पिकाची होती. आई पूर्वीच वारलेली. तेव्हा साळूबाई भावाच्या मातीला उभ्या राहिल्या आणि पोरीला घेऊन नसरापूर, कापूरहोळ अशा एस.टी. बदलत भोरला परतल्या.

घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीचे दार पश्चिमेला, बोळात उघडणारे. आतली खोली चुलीची, तिला खिडकी नाही. दुपारी दवाखाना बंद झाला की साळूबाई घरी येत, चूल पेटवीत आणि भाकऱ्या थापायला बसत. बना बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेली असे. सकाळी जिथे बसवून गेल्या तिथेच. मध्ये कुणी दाराकडे पाठ करून बसले की तिचे ओठ पांढरे पडत. भांडे पडले की ती अंग चोरून घेई आणि मग घटकाभर तिच्या मानेची शीर उडत राही. भात शिजल्याचा वास आला तर उठून बोळात जाई. बोलणे होय-नाहीपुरते.

हे सगळे साळूबाईंना समजत होते. माणूस मरताना पाहिलेल्या पोराचे असे व्हायचेच. न समजणारी गोष्ट एकच होती, आणि ती त्यांच्या ध्यानात आली तीसुद्धा वैतागूनच.

बना बसे तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे, वीतभर अंतरावर धरलेले असत; बोटे आत वळलेली, जणू तिने कशाचे तरी तोंड धरले आहे. "हात खाली घे की ग, दुखत्यात ते," असे साळूबाई दिवसातून कितीदा तरी म्हणत. ती हात खाली घेई. पाठ फिरली की हात पुन्हा वर. त्या दुपारी भाकरी तव्यावर टाकून त्या तेच सांगायला वळल्या, आणि सांगायचे राहून गेले. बनाचे हात खाली गेले होते, पण तिने घेतले म्हणून नव्हे. त्यांना हिसका बसला होता. जड काहीतरी पोटात पडल्यावर पोत्याचे तोंड धरणाऱ्याचे हात जसे ओढले जातात, तसे. मग ते सावरून वर आले. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

भाकरी करपली. साळूबाईंनी ती उलथन्याने खरवडून काढली आणि पोरीलाच दोन शब्द सुनावले.

२

ओझ्याचा भास हातांना होऊ शकतो, हे त्यांना माहीत होते. मूल दगावलेल्या बाईची मांडी महिनोन्‌महिने हलत राहते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. तेव्हा ही गोष्ट त्यांनी त्याच सदरात टाकली.

त्यांच्या वैतागाला दुसरी कारणे पुष्कळ होती. डॉक्टरांनी बनाला तपासून रक्त कमी असल्याचे सांगितले आणि टॉनिकची बाटली दिली. "वयात येत्ये, त्यामुळे होतं असं," हा त्यांचा निष्कर्ष. एकदा मासिक धर्म सुरळीत झाला की भीती जाईल, असे त्यांनी अशा काही आत्मविश्वासाने सांगितले की, आपला भाऊही त्याच उपायाने परत येईल की काय, असे विचारण्याचा मोह साळूबाईंना झाला. शेजारच्या भामाबाईंचे वेगळेच. त्या शेतकरी घरातल्या, मनाने चांगल्या, पण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध.

"सारोळ्याच्या अंगाला एक देवरुषी हाय. पोरीला एकडाव दाखवा तरी, साळूबाई. तुमचं काय जातंय?"

"आमी देव सोडलं त्याला बारा वर्सं हुतील, भामाबाई. आता देवरुषी कुठून धरू?"

"देव सोडलं म्हून भ्या सोडतंय व्हय?"

हे उत्तर साळूबाईंना आवडले नाही. बरोबर होते म्हणून अधिकच आवडले नाही.

सर्वांत मोठे कारण पुण्याचे वकील. मारेकरी वाडीतलेच होते आणि जामिनावर सुटून वाडीत फिरत होते. खळ्यात त्या वेळी बाप-लेकीखेरीज कुणी नव्हते. बनाचा थोरला भाऊ ज्ञानू बैल घेऊन ओढ्यावर गेला होता. तो धावत आला तोवर सगळे उरकले होते. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकटी बना. वकिलांनी ते स्पष्टच सांगितले. पोरगी उभी राहून, कोण आले, कुठून आले, कुणाच्या हातात काय होते, हे सांगू शकली तर खटला आहे. ती पिंजऱ्यात मुकी उभी राहिली तर मंडळी हार घालून वाडीला परत जातील. ज्येष्ठात तारीख होती.

म्हणून साळूबाई रोज विचारीत. कधी गोडीत, कधी दरडावून, कधी केस विंचरता विंचरता सहज काढल्यासारखे. बना ऐकून घेई, डोळे दाराकडे ठेवून. ती हट्टी नव्हती. विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर संपावा पण पाणी लागू नये, तसे ते विचारणे होते.

३

चैत्र संपत आला तेव्हा बनाच्या हातांवर पुरळ उठले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल, बारीक, आणि मध्येमध्ये नखाने ओरबाडल्याचे चरे.

साळूबाईंनी हात उजेडात धरला आणि त्यांना ते ओळखू आले. ओळखले म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. भाताच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला तशा पुरळाबद्दल विचारावे लागत नाही. झोडणी-मळणीच्या दिवसांत भाताच्या लोंबीची टोकदार कुसे हातांत रुततात आणि कातडी अशी पेटते. पण ते दिवस सुगीचे. आता रानात धूळ उडत होती, आणि ह्या घरात तर बनाच्या सोयीसाठी तांदूळसुद्धा डब्यात झाकून ठेवलेला, भात कुठले?

घामोळे असेल. कोरड्या हवेने कातडी तडकते, तसे असेल. त्यांनी खोबरेल लावले. लावता लावता पोलक्याच्या बाहीची मुडप उलटली, तर शिवणीत एक कूस अडकलेले. पिवळे, ताठ, बोटभर लांब. त्या पोलक्याला त्यांनी पौषापासून दर आठवड्याला धोपटून धुतले होते.

लोकसमजुतींचा अभ्यास करणाऱ्याला एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते. अद्‌भुतावर श्रद्धा ठेवणारा माणूस त्याच्या पुराव्याने फारसा हलत नाही; त्याच्या मनात त्यासाठी आधीच एक कोनाडा तयार असतो. हलतो तो न मानणारा. कारण त्याला ती वस्तू ठेवायला जागा नसते, आणि ती हातात धरून तो नुसताच उभा राहतो. साळूबाई तशा उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते कूस चुलीत टाकले, आणि जुने राहिले असेल असे मोठ्याने म्हणाल्या.  काडीएवढे ते कूस पेटले तेव्हा बनाने, जणू काही नुकसान झाले अशा नजरेने, चुलीकडे पाहिले.

४

ज्ञानू कापूरहोळच्या नाक्यावर ट्रकच्या गॅरेजात कामाला लागला होता. वय सोळा. भोरच्या बाजारादिवशी तो येई, जेवी आणि जाई. तो बहिणीच्या उलट. बोले पुष्कळ, पण सगळे ट्रकांबद्दल. रस्त्याने कुणी मागून चालत आले तर थांबून त्याला पुढे जाऊ देई. आणि गॅरेजातल्या एका पोराने गमतीने मागून खांद्यावर हात टाकला, तर त्याचा दात पाडला होता. धाकटी बोलत नाही आणि थोरला मारत सुटतो, असे वर्णन साळूबाई करीत. भावाने आपल्याला चांगला वारसा दिला, असेही वैतागून म्हणत.

त्या दिवशी त्यांनी ज्ञानूलाच धरले. बना बोळात धुणे वाळत घालत होती.

"तू तर इचार तिला. तुझं ऐकंल. ती माणसं बांधावरनं आली. हिचं तोंड बांधाकडं हुतं. लांबनं दिसली असत्याल. ह्या बयेनं हाक का मारली न्हाई?"

ज्ञानूने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"म्या काय सांगू, आत्या. म्या आलो तवा ती पोतं धरून बसलेली. दादा पडल्याला आन् ही पोतं धरून. सोडंचना. बोटं उकलाया लागली."

"ते ठावं हाय मला."

"एक ठावं न्हाई." त्याने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "खळ्याच्या कडंला वहाणा हुत्या. वळीनं. पायातलं काढून आलं ते, आत्या. खळ्यात पायताण घालून जात न्हाईत, म्हून. आन् मंग मारलं. जाताना अनवाणीच पळालं."

पोलिसांनी त्या वहाणा नेल्या होत्या. त्या कुणाच्या पायातल्या हे वाडीत सगळ्यांना माहीत होते, आणि विचारल्यावर कुणालाच माहीत नव्हते. साळूबाईंना त्यातले हे काही आजवर कुणी सांगितले नव्हते. त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिले. माणसे हातात कुऱ्हाड धरून वाकली आहेत, आणि धान्याचा मान राखावा म्हणून अंगठा मोकळा करताहेत.

"भलतं काय तरी डोक्यात घिऊन बसू नगंस," त्या म्हणाल्या. पण ते त्या कुणाला म्हणाल्या, हे ज्ञानूला कळले नाही.

तो निघाला तेव्हा बनाने त्याला बोळातून दूर जाताना पाठीमागून पाहिले आणि तिचे हात आपोआप वर आले.

५

आवाज त्यानंतर आला. की आधीपासून येत होता आणि त्यांनी तो ऐकण्याचे टाळले होते, ह्याचा निर्णय साळूबाईंना पुढेही करता आला नाही.

भात पोत्यात ओतल्याचा आवाज ज्याने लहानपणी ऐकला आहे, त्याची त्याबाबत फसगत होत नाही. आधी मापाच्या काठावरून सुटताना सर्रकन. मग पोत्याच्या पोटात दबका. आणि शेवटी मागे राहिलेले चार दाणे सुटेसुटे. दुपारच्या स्तब्धतेत बाहेरच्या खोलीतून तो येई. साळूबाई आतून डोकावत. बना, भिंत, उघडे दार, बोळातले ऊन. आवाज थांबलेला. त्यांनी शेजारी चौकशी केली. भामाबाईंकडे कुणी काही पाखडत नव्हते. छपरावर उंदीर आहेत म्हणून मांजर आणून ठेवले. मांजर बनाच्या पायाशी झोपे, आणि बनाच्या हातांना हिसका बसला की उठून सरकून बसे. अगदी तिथे कुणाला तरी जागा करून द्यावी तसे.

काही दिवसांनी त्या आवाजात फरक पडला. सुरुवातीला तो खोल होता. आता तो वर आला होता, आखूड झाला होता. पोते भरत आल्यावर होतो तसा.

दुसरी एक गोष्ट त्यांनी स्वतःविषयी टिपली आणि ती त्यांना अधिक झोंबली. आवाज चालू असताना त्या बोलत नसत. एकदा तर बनाला रागावता रागावता, वाक्याच्या मध्यावर त्या थांबल्या. आवाज सरेपर्यंत थांबून राहिल्या आणि मग पुढचा शब्द जोडला. ध्यानात आल्यावर त्यांचा तोल सुटला. चुलीपाशी बसून त्यांनी इतके महिने तोंडाशी आलेले सगळे काढले. बाप समोर बसलेला, बांधाकडे पाठ करून. लांबून माणसे दिसतात. एक हाक, एवढीशी, दादा म्हणून. ती तुझ्याच्याने मारवली नाही, आणि आता कोर्टात तरी बोल म्हणते तर तेही नाही.

बनाने प्रथमच दाराकडची नजर काढून त्यांच्याकडे पाहिले.

"रास चालू हुती, आत्या," ती म्हणाली.

एवढेच. तिला वाटले असावे की ह्यात सगळे आले. आणि साळूबाईंना, त्या त्याच खोऱ्यात वाढल्या असल्यामुळे, ते खरोखरच सगळे कळले.

त्या खोऱ्यात रास मोजताना बोलत नाहीत. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचे, आणि मग तोंड मिटायचे. बोलले तर रास तुटते, बरकत जाते. मोजणाऱ्याने बोलायचे नाही, पोते धरणाऱ्यानेही नाही. साप निघाला तरी हाताने खूण करायची. आणि पोते धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. रखमाजी साऱ्या बाबतींत नव्या मताचा. घरातला देव्हारा त्याने स्वतः उचलून नदीत सोडला होता, उपास-नवस बंद केले होते. पण हे मौन कुठल्या देवाचे नव्हते. ते धान्याचे होते, आणि ते सोडायला पाहिजे असे त्याच्या मनातही आले नसावे. उलट स्वतःच्या रानातली ती पहिली रास. त्याने पोरीला खळ्यात उतरतानाच बजावले असणार. आणि पोरीने बापाचे ऐकले.

साळूबाईंनी तिला जवळ ओढले नाही. ओढायला हवे होते. त्यांना सुचले ते एवढेच, की ही गाठ कुठे आहे हे आता कळले, तर सोडवता येईल.

६

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून रजा घेतली. सकाळी गिरणीवरून टोपलीभर भात आणले, भामाबाईंकडून पायली मागून आणली, आणि घडवंचीखालचे रिकामे पोते झटकून काढले.

त्यांचा विचार सरळ होता. पोर अडली आहे ती एका जागी. तिला पुन्हा त्या जागी बसवायचे, आणि तिथे बोलायला लावायचे. मूल आडवे आले तर ते आत ढकलूनच फिरवावे लागते. एकदा तोंडातून "आले" एवढे निघाले की पुढचे कोर्टात आपोआप निघेल. राहिलेली रासही एकदाची मोजून होईल, आणि हात खाली येतील. ह्या शेवटच्या विचाराला त्यांनी मनात फार जागा दिली नाही. पण पायली आणताना तो होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भामाबाईंनी पायली देताना विचारले, की आता ह्या दिवसांत कसली रास. साळूबाईंनी सांगितले, कोर्टाची. भामाबाई हसल्या नाहीत.

"आत कोनाला बसवताय मोजाया?"

"दुसरं कोन हाय? मीच."

भामाबाई पुढे काही बोलणार होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि पायली उन्हात तापली आहे, जपून न्या, असे काहीतरी म्हणाल्या.

७

ऊन कलले होते. दार सताड उघडे. पश्चिमेचा उजेड उंबऱ्यावरून आत येऊन थेट समोरच्या भिंतीवर पडला होता. साळूबाईंनी खोलीच्या मध्यावर भात ओतले, बनाच्या हातात पोत्याचे तोंड दिले, आणि स्वतः ढिगाच्या अलीकडे, दाराकडे पाठ करून बसायला गेल्या.

"तितं नगा बसू, आत्या."

"मंग कुठं बसू? तुझ्या डोक्यावर?"

बनाच्या ओठांचा रंग गेला. पण पोते तिने धरले. ते तिने इतक्या सवयीने धरले, की गेले सहा महिने ती हेच करीत आली आहे, हे नव्याने कळण्याचे काही कारण नव्हते.

साळूबाईंनी तिला पुन्हा एकदा समजावले. मी तुझा दादा. मी मोजते. तू बांधाकडं बघ. माणसं दिसली की सांगायचं, मोठ्यानं सांगायचं, रास तुटली तर तुटू दे. तुझा दादा असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं. शेवटचे वाक्य बोलताना ते खरे नाही हे त्यांना जाणवले, आणि त्याचाही राग आला. मग त्यांनी पायली भरली, काठावरून हात फिरवला आणि म्हटले:

"लाभ."

भात सर्रकन पोत्यात गेले. बनाच्या हातांना हिसका बसला. ह्या खेपेस त्यात विपरीत काही नव्हते. भात खरे होते, पोते खरे होते, आणि साळूबाईंना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हायसे वाटले. त्यांनी दुसरी पायली भरली. तिसरी. कुसे बोटांना लागत होती. समोर भिंतीवर त्यांची सावली वाके आणि उठे. बनाचे डोळे पोत्याच्या तोंडावर होते, दाराकडे नव्हते. हेही चांगलेच लक्षण. आता तिला टोकायला हवे, वर बघ म्हणायला हवे, असे त्यांच्या मनात आले. ही एवढी पायली पडू दे, मग.

ती पडली. मग पुढची.

त्या वेळी बाहेर पायरीपाशी कुणीतरी पायातले काढले.

चामडे दगडावर टेकल्याचा तो आवाज. दाराकडे पाठ असलेल्या माणसाला तो चांगला ऐकू येतो. मग दुसऱ्या कुणीतरी काढले. मग आणखी एकाने. त्याचा अंगठा अडला असावा, त्याने पाय झटकला. घाई कुणालाच नव्हती. साळूबाईंनी बनाकडे पाहिले. बनाने अजून मान वर केली नव्हती. तिला अजून काहीच दिसले नव्हते.

आणि तेव्हा साळूबाईंना कळले.

त्याला ऐकू आले होते. पोरीला दिसण्याआधी रखमाजीला ऐकू आले होते. खळ्याच्या कडेला वहाणा उतरल्या, त्या त्याच्या पाठीमागे वावभर अंतरावर. कोण आले, किती आले, हे त्याला पायरवावरून समजले असणार, कारण तो त्यांच्याबरोबर जन्मभर त्याच वाडीत राहिला होता. त्याने वळून पाहिले नाही. पहिली रास होती आणि ती चालू होती. त्याने पुढची पायली भरली. पोरीच्या हाकेने त्याला जे कळले असते ते त्याला आधीच कळलेले होते. तिने त्याचे काहीही हिरावून घेतलेले नव्हते.

हे तिला सांगायला हवे होते. एवढे एक वाक्य: बने, त्यानं ऐकलं हुतं. ते ऐकल्यावर ही पोर उद्या कोर्टात उभी राहील, जेवेल, झोपेल, मोठी होईल. साळूबाईंनी तोंड उघडले. निदान उघडायचा यत्न केला. जीभ होती तिथेच राहिली, आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, ढिगाकडे गेला व पायली भरू लागला.

भिंतीवरचा उजेड कमी झाला. एका बाजूने, मग दुसऱ्या. बनाच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना, साळूबाईंच्या वाकलेल्या सावलीच्या वर, आणखी काहीतरी उभे राहत होते, आणि त्यातल्या एकाच्या सावलीला खांद्याजवळ लांबट असे काही होते.

बनाने मान वर केली. तिची नजर साळूबाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथे एकेकावर थांबत पुढे सरकली, घरी आलेल्या माणसांवरून सरकते तशी. तिच्या तोंडावर भीती नव्हती. साळूबाईंना त्या तोंडावर जे दिसले ते ओळखीचे होते, आणि ते ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला, कारण ते त्यांनी आजवर फक्त आरशात पाहिले होते. पोर वैतागली होती. पुरती वैतागली होती.

"थांबा," बना म्हणाली. मोठ्याने, खणखणीत, पुण्याच्या कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असता अशा आवाजात. "रास व्हायचीय अजून."

कुणी हलले नाही. मग पाठीमागे, उंबऱ्याच्या आत की बाहेर ते साळूबाईंना समजले नाही, एकेक जण खाली बसला. गुडघे मोडल्याचे आवाज आले. कुणीतरी घसा साफ केला. कुणीतरी हातातले काहीतरी जमिनीवर बेताने ठेवले, आणि ते लोखंडाचे होते.

बनाने पोत्याचे तोंड नीट फाकवून धरले आणि आत्याकडे पाहिले.

साळूबाईंनी ढिगाकडे नजर टाकली. टोपलीभर भात ते. त्यातले आता फार राहिले नव्हते. त्यांनी पायली भरली, काठावरून हात फिरवला, वर आलेले दाणे पुन्हा ढिगात ढकलले, आणि जितकी सावकाश ओतता येईल तितकी सावकाश ओतायला सुरुवात केली.